एक तबकडी, अनेक झीलकरी

शाहीर साबळ्यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं आहेत तरी किती? या प्रश्नाच्या नादी मी लागलो तो आमच्या चाळीतल्या माळ्यांमुळे. ना. म. जोशी मार्गावरच्या, म्हणजे आमच्या तोंडी अजूनही डिलाईल रोडवरच्या, बीडीडी चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्यांनी साठवलेलं सामान हलवायचं, तर त्यातलं निम्मं टाकावंच लागतं. पितळेचं पातेलं कुणी टाकत नाही, पण कॅसेटी टाकतात. मला जुन्या गाण्यांचं वेड, हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे भंगारवाल्याच्या आधी मला हाक यायची. टीडीके, सोनी, टी-सीरीज. कव्हरवर बॉलपेनने ‘महाराष्ट्र गीत’, ‘१ मे मैदान’, ‘शाहीर + भजन’ असं काहीबाही लिहिलेलं.

त्याच सुमारास, ३१ जानेवारी २०२३ रोजी, मंत्रिमंडळाने हे गाणं राज्यगीत म्हणून स्वीकारलं आणि १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीपासून ते लागू झालं. साबळ्यांचं ते जन्मशताब्दी वर्ष. साताऱ्याकडच्या पसरणीत ३ सप्टेंबर १९२३ला त्यांचा जन्म. आमच्या चाळीत साताऱ्याची घरं पुष्कळ, त्यामुळे त्या आठवड्यात शाहीर हे सगळ्यांचेच गाववाले झाले. प्रत्येक जण सांगू लागला, की माझ्याकडची कॅसेट ‘ओरिजिनल’.

मग जमेल तिथून ते गाणं मिळवायला सुरुवात केली. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एचएमव्हीच्या तबकड्यांचे ढीग उपसले. काही संकलनं कॅसेटीवर मिळाली, काही सीडीवर, काही मोबाईलवरच्या फाइली. कागदावर पाहिलं तर प्रत्येकाची लांबी निराळी, कानाला प्रत्येकाची पट्टी निराळी. एका कॅसेटीत शाहीर चढ्या सुरात, घाईत. दुसऱ्यात जड आवाजात, सावकाश. मला वाटलं, घबाडच हाती लागलं. त्यांनी हे गाणं इतक्या वेळा नव्याने गायलं असणार!

आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना पेटी घेऊन बसवलं. बुवा मालवणचे, डबलबारीत नाव कमावलेले. त्यांनी दोन कॅसेटी ऐकल्या, पेटीवर दोन सुरांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “अरे, गाणा ताच हा. पट्टी चढली हा.”

त्यांचं बरोबर होतं. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी. टेपरेकॉर्डरची मोटर किंवा रबराचा पट्टा थोडा इकडेतिकडे झाला की वेगही बदलतो आणि सूरही. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर गाणं पेटीवर बरोबर एक पट्टी वर जातं. दोन यंत्रं लावून कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी कॅसेट अशा नकला निघाल्या की प्रत्येक यंत्र आपली चूक त्यात मिसळतं. संगणकावर मी सगळ्यांचे वेग एकसारखे करून घेतले आणि दोन-दोन नमुने एकाच वेळी वाजवले. माणूस एकच गाणं दोनदा गातो तेव्हा श्वासाच्या जागा, शब्दावरचा जोर, कोरस उचलण्याचा क्षण कुठे ना कुठे हलतोच. इथे काहीच हललं नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या झीलीपर्यंत दोन्ही नमुने अंगाला अंग लावून चालत राहिले.

इतका शोध घेऊन हाती जे आलं होतं, ते बहुतेक सगळं एकच ध्वनिमुद्रण होतं. सुईच्या खरखरीसकट, फितीच्या फुसफुशीसकट, पण एकच. आधी मन खट्टू झालं. नंतर वाटलं, हीच खरी मोठी गोष्ट आहे. शब्द राजा बढे यांचे, नागपूरचा तरल भावगीतांचा कवी. चाल श्रीनिवास खळ्यांची, ज्यांनी पुढे लताबाईंकडून ‘अभंग तुकयाचे’ गाऊन घेतले. म्हणजे कवी भावगीताचा, संगीतकार भावगीताचा, रचना तीन कडव्यांची, बांधेसूद. पोवाड्यात शाहिराला प्रसंगानुसार कडवं लांबवायची, मधेच गद्य बोलायची मोकळीक असते. इथे ती फारशी नाही. तरीही मराठी माणूस याला शाहिरी गीत म्हणतो, ते साबळ्यांच्या फेकीमुळे. डफावर घडलेला तो आवाज त्या बांधीव चालीत शिरला आणि तबकडीने ते रूप पक्कं केलं. रेडिओने ते घरोघर नेलं, शाळांनी पाठ करून घेतलं.

निराळी ध्वनिमुद्रणं होती, पण ती दुकानात नव्हती. ती माळ्यांवरून आली होती.

एका कॅसेटीत आकाशवाणीवरच्या ‘कामगार सभा’ कार्यक्रमातली गाणी कुणी रेडिओसमोर टेप धरून भरलेली. गाणं तेच, तबकडीवरचं. पण खोलीतला माणूस त्यात आवाज मिसळतो आहे आणि दुसऱ्या कडव्याला घरातली पोरंही त्याला मिळतात. दुसऱ्या कॅसेटीत गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी. शब्द एकही नाही, ताशाच्या कडकडाटात नुसती चाल, आणि धृपद आलं की रस्त्यावरचा घोळका ते आपणहून म्हणतो. तिसरीत पालिकेच्या शाळेतलं लेझीम. तिथे लेझमीच्या पावलासाठी गाण्याची लय मुद्दाम उतरवलेली.

आणि एक कॅसेट १ मे १९८२ची. त्या वर्षीच्या १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. चाळींमधल्या मैदानात चाळीतल्याच पोरांचं कलापथक गातं आहे. अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांच्या लालबावटा कलापथकाची परंपरा या भागात मुरलेली, त्यामुळे डफ, तुणतुणं आणि मागे झीलकरी ही मांडणी कुणी शिकवावी लागत नव्हती. गाणारा आमच्या ओळखीचा, साच्यावर काम करणारा. आवाज साबळ्यांचा नाही, पण नक्कलही नाही. तिसऱ्या कडव्यात गरिबीचा आणि घामाचा उल्लेख आहे. तिथे तो थांबतो. तेवढाच भाग पुन्हा घेतो. झीलकरी त्याला उचलून धरतात, तो तिसऱ्यांदा घेतो. खळ्यांच्या बांधीव चालीत जी मोकळीक नव्हती, ती या पोराने पोवाड्याच्या रीतीने काढून घेतली. तीन महिने पगार नसलेल्या लोकांपुढे ते कडवं एकदाच म्हणून पुढे जाणं त्याला जमलं नसावं.

राज्यगीत म्हणून आता तीनपैकी दोनच कडवी घेतली जातात आणि ती १ मिनिट ४१ सेकंदांत संपतात. सरकारी कार्यक्रमाला ठरावीक वेळ लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. २०२३मध्येच साबळ्यांचे नातू केदार शिंदे यांच्या ‘महाराष्ट्र शाहीर’मधून अजय-अतुल यांनी नव्या पिढीला शाहिरांची ओळख करून दिली, तेही चांगलंच झालं. अधिकृत गाणं टिकणार याची मला काळजी नाही. त्यामागे कंपनी आहे, सरकार आहे, सिनेमा आहे. डिलाईल रोडच्या मैदानातल्या त्या झीलकऱ्यांमागे कुणी नाही. माझ्या संग्रहात आता त्यांना पहिली जागा आहे, आणि नोंदीत गाण्याच्या नावाच्या आधी गाणाऱ्याची चाळ, मजला आणि प्रसंग लिहिलेला आहे.

तुमच्या माळ्यावरही अशी एखादी कॅसेट असेल. सापडली तर उत्साहात लगेच वाजवू नका. मुंबईच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते आणि जुन्या यंत्रात ती फीत अडकून तुटते. बुरशी दिसली तर जाणकाराकडूनच साफ करून घ्या. फीत स्वच्छ असेल तर पेन्सिलीने हलक्या हाताने थोडी फिरवून बघा, चिकटत नसेल तर चांगल्या यंत्रावर एकदाच वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर भरून घ्या. गाणाऱ्यांना ओळखणारं घरातलं वडीलधारं माणूस तेव्हा शेजारी बसवा, आणि ते सांगतील ती नावं तिथल्या तिथे लिहून काढा.