खेळाचे खरेदीखत

नांदेड,
दि. ५ ऑक्टोबर २०२५

चि. बाळास,

तुझे पत्र पोचले. निन्टेन्डोच्या ‘स्विच २’ या यंत्रावरील एका खेळाला किती दाम देणे रास्त, हे तू दिवाळीची मागणी पुढे करण्याआधी विचारलेस, याचे मला समाधान वाटले. आणि महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून ज्याची हयात लोकांची खरेदीखते तपासण्यात गेली, त्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचे कारण नाही.

हातात धरूनही आणि दूरचित्रवाणीला जोडूनही खेळता येणारे हे यंत्र गेल्या ५ जूनला अमेरिकेत ४५० डॉलरला विक्रीस आले, आणि त्याबरोबरचा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा खेळ ८० डॉलरला. २०१७ साली पहिल्या ‘स्विच’बरोबर आलेला झेल्डाचा खेळ ६० डॉलरचा होता. ८० डॉलर म्हणजे आपले सुमारे सात हजार रुपये. यंदा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. तो पुरता पदरात पडला तरी, आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीत भिजलेल्या मालाला लातूरच्या आडतीवर तो कोण देणार, तुझ्या वडिलांना एका खेळापायी सव्वा क्विंटलहून अधिक माल मोजावा लागेल. कंपनीची भारतात अधिकृत विक्री नाही. सबब आणणाऱ्याचा नफा वर चढतो तो निराळाच.

खेळ रचणाऱ्यांच्या श्रमांचे मोल मी नाकारीत नाही. परंतु किंमत श्रमांवरच ठरते म्हणावे, तर ऑस्ट्रेलियातल्या मूठभर माणसांनी वर्षानुवर्षे खपून केलेला ‘सिल्कसाँग’ हा खेळ गेल्या महिन्यात २० डॉलरला कसा मिळाला? आणि गिऱ्हाइकाची ऐपत पाहून दर ठरवणे अशक्य म्हणावे, तर याच कंपनीने स्वदेशी केवळ जपानी भाषेत चालणारे यंत्र ४९,९८० येनला दिले आणि सर्व भाषांचे ६९,९८० येनला ठेवले, याचा अर्थ काय? जो विचार जपानी कुटुंबाचा झाला, तो मराठवाड्यातल्या कुटुंबाचाही व्हावयास हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण माझ्या लेखी भावाहून महत्त्वाची बाब मालकीची. १९९६-९७ च्या सुमारास आमच्या थोरल्यासाठी वजिराबादेतून मी टीव्ही गेम आणला होता. त्याची पिवळी कॅसेट चालेनाशी झाली की तो ती उपसून काढी, तिच्या तळच्या सोनेरी दातांवर गाल फुगवून फुंकर घाली आणि अंगठ्याने दाबून पुन्हा बसवी. ती कॅसेट गल्लीतली सारी घरे फिरली, तिच्या बदल्यात दुसऱ्या आल्या, आणि अखेरीस ती तुझ्या आईबरोबर लातूरला गेली. उसनी देणे, बदलणे, विकणे, कशालाही आम्हांस कोणाची परवानगी लागली नाही. त्याला मी खरेदीखत म्हणतो. आता कॅसेटच्या जागी कार्ड आले, आणि काही कार्डांत खेळच नसतो, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. आणि जो खेळ कार्डाविना नुसताच खात्यावर उतरतो तो घरच्या गटात चौदा दिवस उसना देता येतो, विकता मात्र येत नाही. ही वहिवाट झाली, मालकी नव्हे. आणि वहिवाटीला खरेदीखताचा भाव मागणे मला गैरवाजवी वाटते.

तेव्हा माझा निवाडा असा : अख्खा खेळ कार्डात असेल तर चार हजारांपर्यंत जावे, नुसत्या वहिवाटीला दोन हजारांच्या वर जाऊ नये. कोणाकडे वापरलेले कार्ड मिळाले तर तेच पाहा. निम्मी रक्कम मी देईन. तुझे खेळून झाले की ते एखाद्या डबीत नीट बंद करून नांदेडला येणाऱ्या कोणाबरोबर पाठव. पोरांनी गिळू नये म्हणून त्या नखाएवढ्या कार्डाला कडू लेप दिलेला असतो खरा, तरी आमचा धाकटा नातू सध्या हाती येईल ते तोंडात घालतो.

ताईस व भाऊजींस नमस्कार.

तुझा,
मामा