मोटारीतील गलबला

गतवर्षी पावसाळ्यात एका रात्री आमच्या धर्मग्रामातील एका आजींस बेळगावच्या रुग्णालयात न्यावे लागले. तैलाभ्यंग त्यांना घरीच दिला होता. वाहन म्हणजे धर्मग्रामाचा जुना डिझेल पिकअप. मुलगा चालवीत होता, आजी मध्ये आणि त्यांना आधार देत आम्ही. वाटेत त्या आमच्याकडे वळून काही बोलल्या. इंजिनाची घरघर, दारांचा खडखडाट आणि तळच्या पत्र्याचा थरथराट यांत एकही शब्द ऐकू येईना. "काय म्हणालात, आजी?" असे आम्ही तीनदा विचारले. अखेर त्यांनी हातानेच 'राहू द्या' असे सुचविले. तिसऱ्या दिवशी त्या प्रभूघरी गेल्या. ते शब्द आम्हांस आजवर कळलेले नाहीत.

पुढे आम्ही गावच्या मेस्त्रींस घेऊन त्या गाडीपाशी बसलो. आमची समजूत अशी की सारा दोष इंजिनाचा. मेस्त्री म्हणाले, "फादर, इंजिन बोलणारच. आवाज आत येतो तो भोकांतून." आसने काढून तळचा तागाचा नमदा उचलला, तर तो ओला आणि त्याखालील पत्रा गंजलेला! गंज तारेच्या ब्रशाने खरवडून रेड ऑक्साइड लावले. इंजिन व कॅबिन यांमधील पत्र्यातून जेथे तारा जातात, तेथील रबरी कडी केव्हाच झिजून गेली होती. ती नवी बसविली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावले. ती सहज निघून आली, म्हणजे तेथील रबर निकामी. तेही बदलले. मग ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्यूटिल रबराची चादर पत्र्यावर रुळाने दाबून चिकटविली. ही चादर सर्वत्र लावावी लागत नाही. पत्र्याचा सुमारे चौथा भाग झाकला तरी त्याची थरथर बरीच शमते. त्यावर पाणी न पिणारा फोम घातला. मोडक्या स्प्रिंगा बदलून आसनांस नवे रेक्झिन चढविले.

दोन गोष्टी मेस्त्रींनी बजावून सांगितल्या. दाराच्या तळाशी पाणी निचरण्याची भोके असतात, ती कदापि बुजवू नयेत. नाहीतर दार आतून कुजते. आणि धुराड्याचा जोड गळत असेल तर तो आधी दुरुस्त करावा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. बंद कॅबिनमध्ये तो माणसाचा प्राण घेतो. आवाज दाबला म्हणजे दोष मिटला असे नव्हे. विवेकबुद्धीची झडती घेतानाही हेच ध्यानी ठेवावे.

काम संपल्यावर आजींच्या मुलानेच गाडी चालवून पाहिली. खानापूरच्या रस्त्यावर तो सावकाश म्हणाला, "फादर, आता आईचे बोलणे ऐकू आले असते." आम्हांस उत्तर सुचले नाही.

एलिया संदेष्ट्यास होरेब पर्वतावर देव वाऱ्यात, भूकंपात वा अग्नीत भेटला नाही. मंद वाणीतच भेटला. घरातील वृद्धांची वाणीही मंदच असते. टीव्ही आणि मोबाईल यांच्या गलबल्यात ती दोन-तीनदा उमटते आणि मग 'राहू द्या' म्हणून थांबते. तेव्हा वाचकहो, आज सायंकाळी रोझरी झाल्यावर त्या यंत्रांचे आवाज बंद करा, आपल्या आजीआजोबांजवळ बसा आणि विचारा, "काय म्हणत होता?"