क्रूसोच्या बेटावरील दोन पक्षी

रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. डॅनियल डिफोची ती कादंबरी १७१९ साली प्रसिद्ध झाली. तिला अलेक्झांडर सेलकर्क नावाच्या एका स्कॉटिश खलाशाच्या हकीकतीचा आधार होता, असे मानतात. चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ६७० किलोमीटर दूर, भर समुद्रातील एका निर्जन बेटावर हा खलाशी १७०४ पासून १७०९ पर्यंत एकटा राहिला. १९६६ साली त्या बेटाला रॉबिन्सन क्रूसोचेच नाव देण्यात आले. लहानपणी ती गोष्ट वाचताना माझे सारे लक्ष त्या एकाकी माणसाकडे असे. आता मात्र बेटाचे नाव निघाले, की मला तेथील दोन चिमुकले पक्षी आठवतात.

हे दोन्ही गुंजनपक्षी. गुंजनपक्षी अमेरिकेबाहेर कोठेही आढळत नाहीत. आपल्या बागेतील शिंजीर फुलांतील मध पितो खरा, परंतु त्याचे कूळ निराळे. शिंजीर बहुधा डहाळीवर बसून मध घेतो. गुंजनपक्षी फुलासमोर पंख फडफडवीत अधांतरी उभा राहतो.

यांपैकी एक हिरव्या पाठीचा, जेमतेम अर्ध्या तोळ्याचा. चिलीच्या मुख्य भूमीवर तो दूर दक्षिणेकडे, टिएरा डेल फ्यूगोच्या थंडगार प्रदेशापर्यंत सर्रास दिसतो. थंड रात्री तो आपल्या शरीराची ऊब कमी करून जवळजवळ निश्चेष्ट पडून राहतो, आणि सकाळी पुन्हा कामाला लागतो. इतक्या लहान जिवाची ही काटकसर मला मोठी नवलाची वाटते.

दुसरा पक्षी साऱ्या जगात फक्त या बेटावर आहे. त्याचा नर तांबूस विटकरी रंगाचा, वजनाने तोळाभर, म्हणजे हिरव्याच्या जवळजवळ दुप्पट. उन्हात वळला की त्याचा माथा निखाऱ्यासारखा चमकतो. मादी मात्र पाठीवर निळसर हिरवी, पोटाशी पांढरी व हिरव्या ठिपक्यांची. दोघांच्या रूपात एवढा फरक, की पूर्वीच्या पक्षितज्ज्ञांनी त्यांना दोन वेगळ्या जातींचे पक्षी मानले होते!

फुलांवरून भांडण जुंपले, तर हा तांबडा नर लहानग्या हिरव्याला सहज पिटाळून लावतो. तरीही दुर्मिळ आहे तो तांबडाच. असे का व्हावे?

याचे उत्तर सेलकर्कच्याच हकीकतीत सापडते. तो बेटावर उतरला, त्यापूर्वीच येऊन गेलेल्या गलबतांनी तेथे शेळ्या, मांजरे आणि उंदीर आणून सोडले होते. शेळ्यांच्या मांसावर त्याची गुजराण झाली. रात्री उंदीर त्याचे पाय कुरतडत, म्हणून त्याने मांजरांना खाऊ घालून माणसाळवले, आणि ती त्याच्याभोवती निजू लागली. माणसाला ज्यांनी सोबत दिली, तेच प्राणी पक्ष्यांच्या मुळावर आले. शेळ्यांनी व पुढे आणलेल्या सशांनी कोवळी रोपे फस्त केली, मांजरांनी पक्षी मारले. बाहेरून आलेल्या काटेरी झुडपांनी मूळच्या रानाची जागा बळकावली. हिरव्या पक्ष्याला पाठीशी सारी मुख्य भूमी आहे. तांबड्याला मात्र सुमारे ४८ चौरस किलोमीटरच्या या बेटाखेरीज दुसरे घर नाही. शेजारच्या, आता सेलकर्कचे नाव असलेल्या बेटावरही तो पूर्वी होता. १९०८ नंतर तो तेथे कोणाला दिसला नाही.

आता बेटावर काटेरी झुडपे तोडून मूळची झाडे लावली जात आहेत. त्यांत कोबीसारख्या मोठ्या पानांचे एक झाड आहे. त्याला नारिंगी फुलांचे घोस लोंबतात. गावकऱ्यांनी ते आपल्या अंगणांतही लावले आहे. ते बहरले, की तांबडा नर रान सोडून गावात उतरतो, एका झाडाचा मालक होऊन बसतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक हिरव्या पाहुण्याच्या मागे चिवचिवाट करीत धावतो.