वजा दोनशे त्रेसष्ट

नांदेडला बीसीए करताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती: प्रोजेक्टची फाइल जितकी जाड, तितके मार्क जास्त. माझी फाइल तर बाइंडिंगवाल्याला दोन भागांत बांधावी लागली होती. त्याच तोऱ्यात लालपरीनं अहमदपूरमार्गे लातूरला उतरलो. आडत दुकानांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या चार माणसांच्या ऑफिसात नोकरी लागली होती.

सुरुवातीला शहरानंच चकवलं. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. आत शिरलो की मी हमखास भलत्याच रस्त्यानं बाहेर पडायचो. खोली मिळाली ती नीटच्या पोरांच्या मजल्यावर. आज किती प्रश्न सोडवले, तो आकडा ती पोरं रोज रात्री भिंतीवर लिहायची. ते बघून मीही डायरी सुरू केली. आज किती ओळी कोड लिहिला? १८०. २४०. एका शनिवारी ४१०!

पहिलं काम पट्टीचं. सोयाबीन विकलं की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते: कट्टे, वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा आणि तळाशी हातात येणारी रक्कम. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर हे आकडे एकाखाली एक नीट बसायचे तर लहान आकड्याच्या डावीकडे रिकाम्या जागा भराव्या लागतात. त्यासाठी मी नेटवरून एक तयार लायब्ररी उचलली. तिच्या मागं आणखी सतरा आल्या, लग्नाच्या वऱ्हाडासारख्या. वर माझी स्वतःची मांडणी यंत्रणा रचली. पुढंमागं कुणाला पट्टी आडवी छापायची झाली तर तीही सोय ठेवली. आडवी पट्टी कुणाला हवीय, हे मात्र कुणाला विचारलं नव्हतं.

ऑफिसच्या सरांनी सगळं वाचलं आणि दोन चहा सांगितले. मग लेफ्ट-पॅडची गोष्ट निघाली. जावास्क्रिप्टमधला ११ ओळींचा तुकडा, काम एवढंच: डावीकडे जागा भरणे. मार्च २०१६ मध्ये त्याच्या कर्त्याचं दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून भांडण झालं आणि रागानं त्यानं एनपीएम या पॅकेजच्या सार्वजनिक कोठारातलं आपलं सगळं काढून घेतलं. जगभर हजारो प्रोजेक्ट अडले. शेवटी तो तुकडा काही तासांत परत ठेवावा लागला. सरांच्या हे लक्षात राहायचं कारण वेगळंच. ते दिवस लातूरच्या पाणीटंचाईचे. तीनच आठवड्यांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. “मी घागरी घेऊन टँकरच्या रांगेत,” सर म्हणाले, “आणि मोबाइलवर बातमी काय, तर रिकामी जागा भरायला कुणी नाही म्हणून जगाचं काम बंद!”

मग त्यांनी दाखवलं की २०१७ पासून जागा भरायची सोय जावास्क्रिप्टमध्येच आहे, पॅडस्टार्ट नावानं. माझ्या यंत्रणेच्या जागी एक ओळ आली. माझ्या २६४ ओळी गेल्या, सतरा वऱ्हाडी गेले, आणि पट्टी पूर्वीसारखीच छापली गेली.

संध्याकाळी डायरीत काय लिहायचं, कळेना. आईचा फोन आला.

“काय करायलास बाळा?”

“आज कोड काढला, आई.”

“कामून? चुकला व्हता का?”

“नाही. बरोबर होता.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पगार देतेत ना रे वेळेवर?”

दुसऱ्या दिवशी डायरीचं गुपित सरांपुढं फुटलं. त्यांनी बिल ॲटकिन्सनचं नाव सांगितलं. १९८२ साल, ॲपलमध्ये लिसा संगणकाचं काम चालू. आठवड्यात किती ओळी लिहिल्या, याचा फॉर्म प्रत्येकानं भरायचा, असा साहेबांचा हुकूम. ॲटकिन्सननं क्विकड्रॉचा, म्हणजे पडद्यावर चित्रं काढणाऱ्या कोडचा, एक भाग नव्यानं लिहिला. तो सहापट वेगवान झाला आणि कोडही घटला. त्यानं फॉर्मवर लिहिलं: वजा २०००. पुढं काही आठवड्यांनी त्याच्याकडं फॉर्म मागणंच बंद झालं. मी खोलीवर जाऊन आदल्या तारखेला ‘−२६३’ लिहिलं. नीटच्या एका पोरानं ते बघितलं आणि निगेटिव्ह मार्किंग समजून मला धीर दिला.

खरी अक्कल हमालीनं शिकवली. हमाली कट्ट्यामागं ५० पैशांनी वाढली. मी दर बदलला, पण हमालीचं गणित पाच ठिकाणी होतं, मला चारच सापडली. एका शेतकऱ्यानं पट्टीची दुसरी प्रत मागितली: २३ कट्टे, दोन प्रतींत साडेअकरा रुपयांचा फरक. दोन्ही कागद त्यानं आडतीतल्या मुनीमकाकांच्या गादीवर शेजारी शेजारी ठेवले आणि एक शब्द बोलला नाही. सापडलं नव्हतं ते पाचवं ठिकाण ‘दुसरी प्रत’ हेच. कुणी गाढवानं अख्खा कोड जसाच्या तसा उचलून तिथं चिकटवलाय, म्हणून कोडमधल्या बदलांचा इतिहास उघडून बघितला, तर नाव माझंच.

पाचांचं एक केलं, आणि मग मला काढायची चटकच लागली. दिसेल ते उपटायला लागलो. त्यात एक अट भेटली: कट्टे शून्य असतील तर सरासरी काढू नये. शून्य कट्टे घेऊन बाजारात कोण येतं? काढली.

चार दिवसांनी मुनीमकाकांचा फोन.

“ह्ये इन्फिनिटी कोण हाय?”

“काय?”

“पट्टीवर छापलंय की. कट्ट्याची सरासरी, इन्फिनिटी.”

शेतकऱ्यानं ट्रॉलीत ताडपत्री अंथरून खुला माल आणला होता. जावास्क्रिप्टमध्ये शून्यानं भागलं तर ती ओरडत नाही, शांतपणे अनंत छापते. अर्थ सांगितला, तर काका म्हणाले, “अनंताला न्यायला सवड झाली की इकडं ये, पट्टी दुरुस्त कर.”

मोंढ्यात जाऊन ट्रॉली बघून आलो. अट परत टाकली आणि तिच्या डोक्यावर एक ओळ लिहिली: ‘खुला माल. कट्टे नसतात. काढू नये.’ डायरीत त्या दिवशी ‘+२’ आहे.