मैदानावरून परतल्यावर

1984 साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा यांचे 400 मीटर अडथळा शर्यतीतील कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. क्रीडाग्रामात तांदळाची पेज आणि लोणचे यांवर भागवावे लागले, असे त्यांनी पुढे सांगितले. पदकतालिकेत अशा गोष्टींची नोंद नसते. आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मात्र त्याच महत्त्वाच्या वाटतात.

आपल्या वसतिगृहात मुलींचा कबड्डीचा सराव सायंकाळी सहाला संपतो आणि जेवणाची घंटा आठला होते. मधले दोन तास आम्हांस खटकतात. कठोर श्रमांनी स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा घटतो, स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. साठा भरण्यास पिष्टमय अन्न हवे, झीज भरण्यास प्रथिने. दोन उकडलेली अंडी व ग्लासभर दूध यांतून सुमारे 18 ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत केळे असले की काम भागते. अंडी नको असणाऱ्या मुलींना फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ द्यावेत. पाळीच्या रक्तस्रावात लोहही जाते. म्हणून मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा टाळावा. (शिक्षककक्षातील चहाबाज मित्रांनी रागावू नये!)

सुट्टीत घरी गेलेली मुलगी सर्वांना वाढून शेवटी उरलेले खाते, हे आम्ही घरोघरी पाहिले आहे. पालकहो, धावून आलेल्या मुलीचे ताट आधी वाढा. आणि माजी विद्यार्थ्यांनो, यंदा चषकांऐवजी सहाच्या अंड्यांचा खर्च उचलता येईल का?