पोलादी नळी आणि तिची वाट

मोटारीविषयी बोलताना माणसे तिच्या वेगाची प्रौढी सांगतात. ती किती चांगली थांबते हे कोणी सांगत नाही. इंजिन किती घोड्यांचे आहे, गाडी शंभराच्या वेगाला किती लवकर पोचते, यांवर चहाचे पेल्यामागून पेले रिकामे होतात. परंतु 'आमची गाडी फार सुरेख थांबते' असे अभिमानाने सांगणारा गृहस्थ आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही. आम्हीही या नियमाला अपवाद नव्हतो. उन्हाळ्याच्या सुटीत खर्ड्यास आमच्या जुन्या घराच्या अंगणात जे घडले, त्यानंतर मात्र थांबण्याच्या शास्त्राविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला आहे. आणि त्याच प्रमाणात स्वतःच्या शहाणपणाविषयीचा आदर थोडा कमी झाला आहे.

आमच्यापाशी एक जुनी 'सॅन स्टॉर्म' आहे. गोव्यात तयार झालेली ही दोन आसनांची गाडी. अंग फायबरचे, इंजिन रेनो कंपनीचे, आणि वरचे छप्पर उतरवता येण्याजोगे. पन्नाशी उलटल्यावर प्राध्यापकाने अशी गाडी बाळगावी, याबद्दल आमच्या घरात जे बोलले जाते ते येथे लिहिण्याचे कारण नाही. एवढेच सांगतो की, आमची थट्टा करण्यात जी सर्वांच्या पुढे असते त्या आमच्या कन्येनेच एके दिवशी ती गाडी पुण्यास नेण्याची इच्छा दर्शविली. आणि ती एकटीच जाणार होती. तिला 'ने' म्हणण्यापूर्वी आम्ही गाडीखाली वाकून पाहिले. पुढच्या दोन्ही चाकांपाशी ब्रेकच्या रबरी नळ्या होत्या, त्यांवर म्हाताऱ्याच्या हातावर असतात तशा बारीक भेगा पडल्या होत्या.

ज्यांना या यंत्राचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपण पायाने पेडल दाबतो तेव्हा आपला जोर चाकापर्यंत जातो तो दोरीने किंवा दांडीने नव्हे, तर नळीत कोंडलेल्या द्रवाने. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कालचा सिद्धांत आपण शाळेत पाठ केलेला असतो. त्याच्या बळावर १९२१ साली अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग मोटारीने चारही चाकांस द्रवाचे ब्रेक लावून दाखविले. गाडीच्या सांगाड्यावरून धातूची ताठ नळी जाते. परंतु चाक वर-खाली उसळते व डावी-उजवीकडे वळते, म्हणून शेवटची वीतभर वाट लवचिक नळीची असावी लागते. जोराने ब्रेक दाबला असता तीत दर चौरस इंचास हजार पौंडांहूनही अधिक दाब चढतो. रबराची नळी त्या दाबाने किंचित फुगते. नळी जुनी झाली की अधिक फुगते, आणि पायाचा काही जोर चाकाला न मिळता त्या फुगण्यातच खर्ची पडतो.

आता नवी नळी कोणती घ्यावी? आमच्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, होती तशीच नवी रबरी नळी. दुसरा, शर्यतीच्या गाड्यांना लावतात ती पोलादी जाळीची नळी. हिच्या आत टेफ्लॉनची गुळगुळीत नळी असते व तिच्यावर न गंजणाऱ्या पोलादाच्या तारांची वीण असते. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती १९३८ साली अकस्मात लागलेला हा टेफ्लॉन पदार्थ ब्रेकच्या द्रवाला दाद देत नाही, आणि वरची वीण त्याला फुगू देत नाही. तिसरा मार्ग एका स्नेह्याने सुचविला. ट्रॅक्टर आणि जेसीबी यांच्या होज पाइप जागच्या जागी दाबून देणारी दुकाने आता तालुक्या-तालुक्याला झाली आहेत; तेथे अर्ध्या तासात व थोडक्या पैशांत याहून जाड आणि याहून बळकट नळी मिळेल, असे त्याचे म्हणणे.

हे म्हणणे ऐकावयास फार सयुक्तिक वाटते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. ट्रॅक्टरची नळी खनिज तेलासाठी केलेली असते आणि तिच्या आतले रबर बहुधा नायट्राइल जातीचे असते. आपण ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते मुळी तेलच नव्हे. ते ग्लायकॉल वर्गातील द्रव्य आहे, आणि त्याच्या संगतीत हे रबर फुगून मऊ पडते. बाहेरून दाब सोसणारी ती भक्कम नळी आतून कुजत जाईल आणि एके दिवशी तिचाच कपटा द्रवाची वाट अडवील. बळ कशाच्या विरुद्ध वापरावयाचे आहे हे न विचारता नुसते बळ विकत घेणे, हा व्यवहार नव्हे.

शेवटी आम्ही पोलादी जाळीच्याच नळ्या मागविल्या. खरे सांगावयाचे तर रोजच्या वापरात त्यांचा लाभ थोडा असतो. नव्या रबरी नळ्यांनी आमचे काम निर्वेध झाले असते. शिवाय रबर भेगा दाखवून आधी सूचना देते, आणि तारांच्या विणीखाली काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेच्या सरकारी नियमाप्रमाणे अशा नळीला दाब भरलेल्या स्थितीत ३५ तास सतत फिरवून, वाकवून पाहतात. कारण ती बहुधा मध्ये न तुटता टोकापाशी, जेथे तारा बुचात दाबल्या जातात तेथे, दगा देते. ही परीक्षा उतरलेल्या नळ्याच आम्ही निवडल्या, एवढी अक्कल दाखविली. परंतु मागविताना आम्ही आपल्या मनाने एक सुधारणा केली: प्रत्येक नळी मापापेक्षा चार बोटे लांब घेतली. कमी पडण्यापेक्षा अधिक बरी, हा घरातील धान्याचा नियम आम्ही ब्रेकला लावला.

नळ्या आल्या. त्या इतक्या चकचकीत होत्या की त्या गाडीखाली लपणार याचे वाईट वाटले. गाडी जॅकने उचलून ठोकळ्यांवर बसविली, चाके काढली, आणि नळ्या आम्ही स्वतः बसविल्या. तांब्याचे वॉशर नवे घातले, नळीला पीळ पडू दिला नाही, टिपून काढल्यावर सांध्यांतून एक थेंबही गळला नाही. आतली हवा काढण्यासाठी पेडलवर दुसरा पाय हवा होता, म्हणून गावातील एका वृद्ध मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी हवा काढून दिली, पेडल दोन वेळा दाबून पाहिले व म्हणाले, "पायाला ग्वाड लागतंय, सर. पण गाडी काय अशी लोंबकळत चालणार हाय?"

आम्ही काही उत्तर देण्यापूर्वी त्यांनी चाक चढविले, जॅक काढून चाकाच्या आधाराच्या खालच्या दांडीखाली लावला, आणि चाक खड्ड्यातून उसळल्यासारखे वर रेटले. मग आमच्या कन्येला म्हणाले, "ताई, बसा आत आन् स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवा." नंतर खिशातून खडू काढून त्यांनी नळीला चौफेर चोळला. चाक एका बाजूला पुरे वळले, दुसऱ्या बाजूला वळले. आणि आम्ही वाकून पाहिले तो टायरच्या आतल्या अंगावर खडूची एक पांढरी, स्वच्छ रेघ उमटली होती.

जन्मभर आम्ही खडूने फळ्यावर लिहिले. खडूने आम्हाला शिकविल्याचा हा पहिलाच प्रसंग.

घडले होते ते असे. चाक लोंबत असता नळी ताणलेली व सुंदर दिसत होती. चाक वर आले की तीच नळी सैल पडून बाहेर फुगवटा धरी, आणि आमच्या त्या चार बोटांच्या उदारपणाने तो फुगवटा थेट टायरला भिडे. रबरी नळी घासली तर बहुधा तीच झिजते. पोलादी वीण मात्र कानशीप्रमाणे वागते. ती ज्याला टेकते त्यालाही कापते आणि स्वतःच्याही तारा तोडून घेते. दुसऱ्या बाजूस ती जवळच्या धातूच्या ब्रेक पाइपवर टेकली होती. काही महिन्यांत तिने तो पाइपही करवतला असता. जी वस्तू आम्ही कन्येच्या रक्षणासाठी निवडली होती, तीच आम्ही एखाद्या वळणावर तिच्यावर उगारून ठेवली होती.

तो सारा दिवस दुरुस्तीत गेला. योग्य मापाच्या नळ्या येईपर्यंत कन्येचा प्रवास चार दिवस पुढे ढकलला. त्या आल्यावर मिस्त्रींनी सांगितले तशी त्यांची वाट आखली: टोकाचा सांधा थोडा फिरवून नळीला आतल्या बाजूने सौम्य कमान दिली, सांगाड्यावरची पट्टी घट्ट धरली, सायलेन्सरच्या उष्णतेपासून पाइप दूर ठेवला, आणि जेथे धातूजवळून जावे लागते तेथे विणीवर मऊ वेष्टन चढविले. मग पुन्हा खडू, पुन्हा जॅक, पुन्हा स्टिअरिंग इकडून तिकडे. या वेळी टायर कोरा राहिला.

संध्याकाळी किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत गाडी हळूहळू चालवून व थांबवून पाहिली. सुलतानराव निंबाळकरांनी १७४३ साली बांधलेला हा शिवपट्टणचा किल्ला आम्ही लहानपणापासून पाहत आलो. परंतु त्या दिवशी तो निराळा दिसला. मार्च १७९५ मध्ये मराठ्यांशी झालेल्या लढाईत माघार घेऊन निजामाने याच तटांचा आश्रय घेतला. तट मजबूत होते. आजही त्यांची घडीव दगडी चिरेबंदी मन वेधते. परंतु वेढा पडला, रसद आणि पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या, आणि थोड्याच दिवसांत त्याला तह पत्करावा लागला. तट कशाचा आहे याचा विचार निजामाने केला असेल. पाणी कोणत्या वाटेने येते याचा केला नसावा. आम्हीही पोलादाचीच निवड केली होती.

निवड करणे हे सुखाचे काम आहे. त्यात वाचन असते, तुलना असते, खरेदीचा आनंद असतो, आणि शेवटी चारचौघांत सांगण्याजोगे एक नाव हाती येते. वाट आखणे हे मात्र वाकून, हात काळे करून, खडू चोळून करावयाचे काम आहे, आणि ते नीट झाले तर कोणाला दिसतही नाही. आपल्या मुलांच्या बाबतीतही आपण उत्तम शाळा, उत्तम पुस्तके, उत्तम वस्तू निवडतो. आणि गाडी ठोकळ्यांवर असताना सर्व सुरेख दिसते म्हणून समाधान मानतो. ओझे अंगावर आल्यावर व वळण घ्यावे लागल्यावर कोठे घासेल, हे पाहावयाचे राहून जाते.

जाण्याच्या दिवशी कन्या पहाटे गाडीत बसली. नळ्या कोणत्या परीक्षेस उतरल्या आहेत, टेफ्लॉन म्हणजे काय, हे सर्व सांगण्याच्या तयारीत आम्ही उभे होतो. तिने काच खाली केली आणि एवढेच विचारले,

"बाबा, मिस्त्रीकाकांनी शेवटचं बघितलंय ना?"

बघितले होते. आम्ही तसे सांगितले, आणि ती निघाली.