दाण्याचा श्वास

मोड आलेल्या मटकीचं फडकं सोडलं की हाताला ऊब लागते. ऊन नसतं, चूल नसते, तरी लागते. भिजलेला दाणा जागा होतो, गाठीची साखर मोडायला घेतो, आणि त्यातली जी ऊर्जा त्याच्या कामी येत नाही ती अशी बाहेर पडते. श्वास म्हटलं की आपल्याला छातीचा भाता आठवतो. पण तो नुसती हवेची ने-आण करतो. खरा श्वास पेशीत चालतो, मटकीच्या आणि आपल्याही.

साखरेचा रेणू पेशीत आधी दुभंगतो. त्याला प्राणवायू लागत नाही, आणि कमाईही बेताचीच: दोन एटीपी. पेशीची बहुतेक कामं ज्याच्यावर चालतात तो हा रेणू 1929 साली जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना सापडला. सुब्बारावांचं नाव घरोघरी माहीत असायला हवं होतं.

साखरेचे तुकडे पुढे पेशीतल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) शिरतात. तिथे हान्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये उलगडलेल्या चक्रात कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि हाती इलेक्ट्रॉन उरतात. आतल्या पटलातल्या प्रथिनांमधून ते हातोहात पुढे सरकतात, आणि त्यांच्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. तिकडे दाटी झालेले प्रोटॉन परततात ते एका चिमुकल्या प्रथिनातून, आणि येताना पाणचक्कीसारखं ते फिरवतात. दर फेऱ्याला तीन एटीपी तयार होतात. 1997 साली जपानी संशोधकांनी या प्रथिनाच्या दांड्याला चमकता धागा चिकटवला, त्याला उलट एटीपीच पुरवलं आणि तो धागा गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. विज्ञानातलं याहून सुंदर दृश्य मला माहीत नाही.

आणि प्राणवायू? तो असतो अगदी शेवटी. आलेले इलेक्ट्रॉन पदरात घेतो आणि त्याचं पाणी होतं. तो नसला की मागची सगळी रांग जागच्या जागी थिजते. सायनाइड नेमकं हेच शेवटचं दार अडवतं. म्हणून रक्तात प्राणवायू असूनही पेशी गुदमरतात.

आपल्याकडच्या धान्याच्या पेवांमागेही हेच रसायन आहे. खडखडीत वाळलेली ज्वारीसुद्धा सावकाश श्वास घेत असते. सोबत किडे आणि बुरशीही घेतात. बंद पेवातला प्राणवायू सरत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो, कीड मरते आणि धान्य टिकतं. पण जी हवा कीड मारते ती माणसालाही सोडत नाही. तेव्हा पेव उघडलं की आधी त्यात मोकळी हवा भरपूर खेळू द्या. दोर बांधल्याशिवाय आणि वर माणसं असल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नका. आणि आत कुणी कोसळलंच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. दोरानं त्याला वर ओढा.